पंखा दोनवर की चारवर

आमच्या एका खोलीत दोन हवामानं नांदतात. रात्री मी पंखा चारवर करून आडवा होतो, आणि पलीकडून कानापर्यंत ओढलेल्या पांघरुणातून आवाज येतो, "दोनवर कर ना." मग तीनवर तह होतो. तीनवर मला घाम येतो आणि तिला हुडहुडी भरते, म्हणजे तह दोन्ही पक्षांना सारखाच जाचक. आणि अशा खोलीत पडल्या पडल्या मी मोबाइलवर नकाशे उघडून शोधत असतो की उतारवयात राहायला जगातली सर्वांत छान हवा कुठली!

सुरुवातीला मी सरासरी तापमान बघायचो. ती सवय सैबेरियातल्या वेर्खोयान्स्कने मोडली. या गावात फेब्रुवारी 1892 मध्ये पारा उणे 67.8 अंशांवर गेला होता आणि 20 जून 2020 रोजी तो 38 वर होता. एकाच गावात शंभराहून जास्त अंशांचा फरक! तिथल्या माणसाचं कपड्यांचं कपाट केवढं असेल, या विचारानेच मी दमलो. सरासरी काढायला काय, दोन्हींची बेरीज करून कुणीही काढेल. पण सरासरीत कुणी राहत नाही; माणूस राहतो तो आजच्या दिवसात. तेव्हापासून मी कुठल्याही जागेचा सर्वांत वाईट पंधरवडा आधी बघतो. तो निभावता येत असेल तर बाकीचं वर्ष आपोआप निभतं.

मग मला उंचीचा शोध लागला. हजार मीटर वर चढलं की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. म्हणून तर दक्षिण अमेरिकेतलं क्वीटो शहर विषुववृत्ताला जवळजवळ खेटून असलं, तरी 2850 मीटरांवर असल्यामुळे बारा महिने गार असतं. कुठलाही महिना काढा, दुसऱ्यापासून ओळखू येणार नाही. मी खूश झालो. पण त्या उंचीवर हवेचा दाब कमी, म्हणून पाणी नव्वद अंशांच्या आसपासच उकळतं, बटाटा शिजता शिजत नाही. हवा गार असली तरी ऊन मात्र चांगलंच भाजतं. शिवाय शहर ज्या डोंगराच्या कुशीत आहे तो पिचिंचा, म्हणजे चक्क ज्वालामुखी. 1999 मध्ये त्याने शहरावर राख उधळली होती. आणि खरं सांगू का, हवा कधी बदलतच नसेल तर लिफ्टमध्ये भेटलेल्या अनोळखी माणसाशी बोलायचं तरी काय?

समुद्रकाठ हा मधला मार्ग. पाणी हळू तापतं, हळू निवतं, त्यामुळे ना फार कडाका ना फार होरपळ. पण तिथला तापमापक सगळं सांगत नाही. कोरड्या हवेतले तीस अंश आणि दमट हवेतले तीस अंश यांचं एकमेकांशी काही नातं नसतं. आपल्याला गारवा देतो तो घाम नव्हे, घामाचं वाळणं. हवाच ओली असेल तर घाम नुसता पाठीवरून ओघळत राहतो. दमट जागी मी काही काळ राहिलोय. एकदा महिनाभराने कपाट उघडलं, तर कातडी पट्ट्यावर पांढरी मऊ लव उगवली होती. बुरशीच ती, पण क्षणभर वाटलं पट्टा जिवंत झाला.

बरं, समुद्र म्हणजे ओलावा, असंही छातीठोक म्हणता येत नाही. पेरूमधलं लिमा शहर पॅसिफिकच्या काठावर, आणि तरी वाळवंटात. किनाऱ्यालगतच्या थंड प्रवाहामुळे तिथे ढग येतात, महिनोन्महिने आकाश करडं ठेवतात, पण धड पडत नाहीत. पाऊस नाही आणि ऊनही नाही. मात्र त्याच थंड पाण्यामुळे तिथला समुद्र माशांनी गच्च भरलेला. तक्रार करायची तर दोन्हींची एकदम करावी लागेल.

जमिनीच्या चढउतारांचंही असंच. 'दुरून डोंगर साजरे' हे ज्याने म्हटलं त्याने बहुधा डोंगरावर घर घेतलं असणार. माथ्यावरून दिसतं छान, पण ते डोळ्यांना. किराणा गुडघ्यांना न्यावा लागतो. दरीत उतरावं, तर रात्री थंड हवा जड होऊन पाण्यासारखी तळाला साचते, आणि धूरही तिच्यातच कोंडतो. नॉर्वेत र्‍युकान नावाचं गाव इतक्या अरुंद दरीत आहे की जवळपास सहा महिने गावात सूर्यच पोचत नाही. 1928 मध्ये लोकांना डोंगरावर उन्हात नेण्यासाठी रोपवे बांधला. 2013 मध्ये वर कड्यावर तीन मोठे आरसे बसवले. ते सूर्याबरोबर वळतात आणि चौकात उन्हाचा एक तुकडा टाकतात. त्या तुकड्यात लोक खुर्च्या टाकून बसतात. मग मुळात तिथे गाव वसवलंच कशाला? तर धबधब्याच्या विजेवर कारखाने चालले म्हणून. ज्या कड्यांनी ऊन अडवलं, त्यांनीच पोट भरलं.

तर असं खोडत खोडत मी एकदाचं ठरवलं. उष्ण कटिबंध, पण बाराशे-पंधराशे मीटर उंची. उत्तर गोलार्ध, म्हणून दक्षिणेकडे तोंड केलेला उतार. माथा नको, तळ नको. मधला पट्टा, जिथून रात्रीची थंडी खाली निघून जाते. नदी दिसावी, पण पुरात दारापर्यंत येऊ नये. एवढं सगळं मी परवा रात्री तिला उत्साहाने ऐकवलं.

"तिथे रात्री पंखा लागतो?" तिने विचारलं.

"अजिबात नाही," मी विजयी सुरात म्हणालो.

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "पंख्याच्या आवाजाशिवाय मला झोप लागत नाही."

आणि उठून तिने पंखा दोनवर केला.