ओमानात पाच दिवस : फलज, निझवा आणि थोडी वाळू

मस्कतहून निघालो तेव्हा बेत जबल अख्दरचा होता. साधारण दोन हजार मीटरवरचं पठार, डाळिंबाच्या बागा, थंडगार हवा. आपल्याकडे जुनी माणसं ज्याला 'मस्कती डाळिंब' म्हणायची, त्याचं मूळ गाव बघू, असा माझा हट्ट. गाडी भाड्याने देणाऱ्या पोऱ्याला दोनदा विचारलं होतं, "ही डोंगरावर चालेल ना?" "नो प्रॉब्लेम," तो म्हणाला. बिरकत अल-मौझ गावापुढे, चढ सुरू होतो तिथेच, पोलिसांची चौकी. हवालदाराने चाकांकडे बघितलं, हसला आणि हातानेच 'वळवा' अशी खूण केली. फोर बाय फोर नसेल तर वर सोडत नाहीत. नियम जुना आहे, मीच वाचला नव्हता. तुम्ही वाचा, आणि गाडी ठरवतानाच फोर बाय फोर घ्या, नाहीतर वरपर्यंत नेणाऱ्या स्थानिक गाडीचा बंदोबस्त करा.

"अहो, आलोच आहोत तर निदान चहा घेऊ," बायको म्हणाली. म्हणून गावात शिरलो, आणि अख्ख्या सहलीचा नूरच बदलला.

चहाच्या टपरीपासून थोडं चाललं की खजुराची बाग लागते आणि बागेच्या कडेने हातभर रुंदीचा पाट. पाणी इतकं नितळ की तळाचा खडा न् खडा दिसतो. पाय सोडून बसलो तर बोटाएवढे मासे येऊन टाचा कुरतडायला लागले. हा फलज अल-खत्मीन. ओमानातल्या ज्या पाच फलजांना युनेस्कोने २००६ मध्ये जागतिक वारशात घेतलं, त्यातला एक. एके ठिकाणी त्याचं पाणी तीन पाटांत फुटतं.

फलज म्हणजे नुसता कालवा नाही. डोंगराच्या पायथ्याशी खोल विहीर खणायची, तिला म्हणतात उम्म, म्हणजे आई. तिथून गावापर्यंत जमिनीखालून बोगदा काढायचा, त्याला अगदी हलका उतार द्यायचा, आणि गाळ काढायला उतरता यावं म्हणून अंतराअंतरावर उभी भोकं पाडायची. पंप नाही, मोट नाही, पाणी आपल्या वजनानेच चालत येतं. या प्रकाराला दाऊदी म्हणतात. झऱ्यातून किंवा वादीच्या, म्हणजे एरवी बहुतेक कोरड्या असणाऱ्या ओढ्याच्या, उघड्या प्रवाहातून पाणी घेणारे फलजही असतात. देशभरात असे तीनेक हजार फलज अजून वाहतात. ज्यांनी संभाजीनगरची पाणचक्की आणि तिच्यामागची नहर डोळसपणे पाहिली आहे, त्यांना हे लगेच कळेल.

मला मात्र आठवलं ते घर. आमची शेती प्रवरेच्या कालव्यावर. पाळी आली की वडील रात्री-अपरात्री कंदील घेऊन दारं धरायला जायचे. इथेही पाळीच. तिचं माप 'अथर', म्हणजे साधारण अर्धा तास. दिवसा जमिनीत रोवलेल्या काठीच्या सावलीवर मोजायचं, रात्री ताऱ्यांवर. आता घड्याळ आहे, पण काही गावांत सावलीची जागा राखून ठेवली आहे. फलजाचा कारभार बघतो तो 'वकील'. हा शब्द तिथल्या माणसाच्या तोंडून ऐकला तेव्हा मला उगाच कोर्टाची तारीख आठवली. आणि पाण्याचा क्रमही ठरलेला: आधी पिण्याचं, मग मशिदीचं, मग अंघोळीचं, शेवटी शेतीचं. त्यातही खजूर आधी, हंगामी पीक मागून.

निझवाला गुरुवारी मुक्कामाला पोचा, कारण शुक्रवारी सकाळी बकऱ्यांचा बाजार भरतो. सातच्या आत जा, नऊनंतर काही उरत नाही. गोल रिंगण असतं, मालक दोरीला धरून बकऱ्या फिरवत भाव ओरडत असतात. गिऱ्हाईक मध्येच हात घालून दात बघतं, कास चाचपतं. आपल्या आठवडे बाजारात रुमालाखाली बोटं धरून भाव ठरतो, इथे सगळं उघड्यावर. रिंगणाच्या वाटेत उभे राहू नका, आणि बायकांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका.

किल्ला बाजाराला लागूनच. १६५० मध्ये पोर्तुगीजांना मस्कतमधून हुसकावणाऱ्या इमाम सुलतान बिन सैफचं हे बांधकाम. बुरूज खालून अर्धा मातीने भरलेला, तोफांचा धक्का सोसायला. जिन्यात दारावर दार, आणि प्रत्येक दारावर वरून उकळता खजूरपाक ओतायला भोक. तो पाक यायचा कुठून, तेही दिसतं: खजुराच्या कोठीची जमीन पन्हाळीसारखी आहे. पोत्यांची थप्पी रचली की खालच्या पोत्यांतून पाक झरतो आणि पन्हाळीतून रांजणात जमतो.

वाळूबद्दल फार लिहीत नाही. शर्किया वाळवंटातल्या तंबूत एक रात्र राहिलो, सूर्यास्त सुंदर होता, जेवण महाग होतं. वाळूत स्वतः गाडी घालू नका. बिदिया गावात चाकांची हवा कमी करून देतात, पण नुसती हवा कमी केली म्हणून वाळूत गाडी चालवता येतेच असं नाही.

बाकी कामाचं: नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच जा. ई-व्हिसा रॉयल ओमान पोलिसांच्या संकेतस्थळावर मिळतो, नियम बदलतात म्हणून निघण्याआधी पाहा. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढून न्या. गाडी उजव्या बाजूने चालते आणि ताशी १२० ओलांडले की गाडीतच घंटी वाजते. पाऊस असेल तर वादी ओलांडायची नाही, कडेला लाल-पांढरे खांब दिसले की समजायचं. एका रियालचे हजार बैसा, सुट्ट्यात गोंधळ होतो. मस्कतची सुलतान काबूस मशीद बिगरमुस्लिमांना शुक्रवार सोडून सकाळी आठ ते अकरा उघडी असते. बाह्या पूर्ण हव्यात, बायकांना डोक्यावर ओढणी. तिचा दगड भारतातून आणलेला, सुमारे तीन लाख टन. शाकाहाऱ्यांनी घाबरू नये, केरळी हॉटेलं गावोगाव आहेत आणि हिंदी बहुतेक ठिकाणी चालते. काहवा, म्हणजे अरबी कॉफी, पुरे झाला की कप हलवून परत द्या, नुसतं "नको" म्हटलं तर भरतच राहतात.

शेवटच्या दिवशी मिस्फात अल-अब्रीयीन. खडकावर बांधलेली मातीची घरं, खाली खजुराचे मजले, मधून फलज. पायऱ्या घसरड्या आहेत, चपला नकोत. गुडघे झाकलेले कपडे घाला, तशी पाटीच आहे.

एका वळणावर लुंगी नेसलेला बांगलादेशी गडी पाटाशी बसला होता. पाटाच्या तोंडात दगड आणि त्याभोवती चिंध्यांचा बोळा. त्याने मनगटावर पाहिलं, म्हणाला, "अब मेरा आधा घंटा," आणि बोळा उपसला. पाणी गर्रकन वळून वाफ्यात शिरलं. मी सवयीने वाफ्याच्या टोकाकडे चालत गेलो. तिकडून तो ओरडला, "पहुँचा?"

"पोचलं," मी म्हणालो. मराठीतच.