तीन घाणे वाया गेल्यावर जमलेले खजुराचे लाडू

मुलगी दहावी करून अकोल्याला होस्टेलवर गेली, तेव्हा तिच्या पेटीत मी चिवडा, शंकरपाळे आणि बेसनाचे लाडू भरून दिले होते. तीन आठवड्यांनी भेटायला गेले तर शंकरपाळ्यांना खवट वास आला होता आणि खिडकीत बिस्किटांच्या पुड्यांचे रिकामे कागद पडले होते. ती कॉलेजातून साडेपाचला येते, मेसचं जेवण साडेआठला मिळतं. मधले तीन तास चहा आणि बिस्किटावर जायचे. त्याच महिन्यात तपासणीत तिचं हिमोग्लोबिन 9 निघालं. तिच्या वयाच्या मुलीचं निदान 12 तरी पाहिजे. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि मला म्हणाले, "ताई, गोळ्या देतोच, पण पोरीच्या पोटात काहीतरी नीट जाऊ द्या."

एस.टी.त बसल्यापासून डोक्यात तेच होतं. खोलीवर गॅस नाही, फ्रिज नाही. म्हणजे डब्यात महिनाभर टिकेल, तळलेलं नसेल, पाकातलं नसेल आणि दोन घास खाल्ले तरी पोटाला आधार होईल असं काहीतरी हवं. घरात शेंगदाणे, तीळ, जवस होतेच. खजूर बाजारातून आणला. यात अवघड ते काय, असं मला वाटलं होतं. प्रत्यक्षात हात बसायला वर्ष गेलं.

पहिला घाणा जुलैतला. खजूर कडक वाटला म्हणून रात्रभर पाण्यात भिजवला, सकाळी वाटला, त्यात दाण्याचा कूट घातला. लाडू इतके मऊसूत वळले की मला फार आनंद झाला. पाचव्या दिवशी मुलीचा फोन आला, "आई, लाडवांवर पांढरं पांढरं काहीतरी आलंय." बुरशी होती. अख्खा डबा टाकून द्यावा लागला.

सासूबाई ओसरीत बसून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "पानी कायले लावलं वो? पानी म्हंजे बुरशीले आवतन. आमी खारकेचे लाडू करो, त्याले थेंब नसे लावत."

त्यांचं ते वाक्य मी गाठीला बांधलं. खजूर टिकतो तो त्यातली साखर भरपूर आणि पाणी कमी असतं म्हणून. असलेलं पाणी साखरेनं धरून ठेवलेलं असतं, बुरशीला वाढायला मोकळं पाणी मिळत नाही. आपण वरून पाणी घातलं की तो सगळा बंदोबस्त मोडतो. दूध घालून वळले तरी तीच गत. पाण्यादुधाचे लाडू दोन-तीन दिवसांत, तेही फ्रिजमध्ये ठेवून संपवायचे असतील तरच करावेत.

दुसऱ्या घाण्याला खजूर भिजवला नाही, पण घाई नडली. आमच्याकडे पावसाळ्यात लाइन कधी जाईल त्याचा नेम नसतो. लाइन आहे तोवर उरकावं म्हणून भाजलेले दाणे आणि बदाम गरम असतानाच मिक्सरच्या भांड्यात घातले आणि एकदम फिरवत राहिले. मिनिटभरात कूट भांड्याच्या कडेला चिकटला, मग त्याचा लगदा झाला आणि वर तेल तरंगायला लागलं. त्या लाडवांना हात लावला की बोटं तेलकट व्हायची. डब्यात खाली घातलेला कागद दुसऱ्या दिवशी आरपार दिसायला लागला.

तेव्हापासून दाणे परातीत पसरून पूर्ण गार होऊ देते, सालं चोळून पाखडते आणि मिक्सर एक-दोन सेकंद फिरवून थांबवते. पुन्हा फिरवते, पुन्हा थांबवते. कूट रव्यासारखा रवाळ राहिला पाहिजे. लाइन नसेल तर सरळ खलबत्ता घेते. खरं सांगायचं तर खलबत्त्यात कुटलेले लाडू जास्त चांगले लागतात. काही दाणा बारीक होतो, काही भरड राहतो आणि दाताखाली येतो.

तिसरा घाणा मार्चच्या शेवटी केला. पोत जमला होता, चव छान होती, मुलीच्या मैत्रिणींनीही खाल्ले. त्यात अक्रोड घातले होते आणि जवस जरा जास्त. एप्रिल लागला. अकोल्याचा उन्हाळा ज्यांनी काढलाय त्यांना सांगायला नको, पारा 44-45 वर जातो. पत्र्याच्या डब्यातल्या लाडवांना पंधरा दिवसांत जुन्या तेलाचा वास येऊ लागला. अक्रोड आणि जवसाचं तेल फार लवकर खवट होतं. त्यातली जी ओमेगा-3 चरबी आपल्याला हवी असते, तीच उष्णतेनं आणि हवेनं आधी बिघडते. जवस अख्खा असेल तर टिकतो, दळला की त्याचे दिवस भरायला लागतात. म्हणून होळी झाली की मी अक्रोड घालतच नाही, जवस निम्म्यावर आणते आणि लाडू पंधरा दिवसांत संपतील इतकेच करते.

आता माझं माप सांगते. बी काढलेला खजूर अर्धा किलो, शेंगदाणे पाव किलो, तीळ, बदाम आणि खारकेची पूड प्रत्येकी 100 ग्रॅम, जवस 50 ग्रॅम, गोडंबी (बिब्ब्याच्या आतला गर) 50 ग्रॅम. दोन चमचे साजूक तूप, वेलची आणि चिमूटभर सुंठ. यात 25 ग्रॅमचे साधारण 46 लाडू होतात. काजू मी घालत नाही. महाग पडतात, आणि गोडंबी असताना मला त्यांची गरजही वाटत नाही.

खजूर निवडण्यात निम्मं काम होतं. डब्यातला ओला, चकचकीत खजूर खायला छान, पण त्याचे लाडू डब्यात बसले की पसरतात. मला दाबून भरलेला, जरा कोरडा, बोटानं दाबला तर दबणारा पण बोटाला न लागणारा खजूर लागतो. बी काढलेला म्हणून विकत आणला तरी प्रत्येक खजूर उघडून बघते. एखादी बी हमखास निघते आणि कधी आत कीडही असते.

खारीक आम्ही अडकित्त्यानं फोडतो. बी काढून तुकडे दिवसभर उन्हात कडकडीत वाळवायचे आणि मगच मिक्सरला लावायचे, नाहीतर पातं अडकतं. खारकेची पूड का घालायची, हे मला बरेच दिवसांनी कळलं. मिश्रण चिकट झालं तर ही पूड चिकटपणा ओढून घेते आणि गोडीही बिघडत नाही. चुकलेला घाणा सावरायला याच्यासारखं दुसरं काही नाही.

शेंगदाणे आमच्या शेतातलेच, उन्हाळी भुईमुगाचे, टॅग-24. हे वाण भाभा अणुसंशोधन केंद्र आणि अकोल्याचं पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ यांनी मिळून काढलं, 1991 साली ते प्रसारित झालं. नावातच ट्रॉम्बे आणि अकोला आहेत. दाणे भाजण्याआधी मी ताटात घेऊन एकेक बघते. सुरकुतलेला, काळपट, बुरशी धरलेला दाणा बाजूला काढते आणि गुरांनाही देत नाही. त्या बुरशीतलं अफलाटॉक्सिन हे विष यकृतासाठी वाईट आणि भाजून ते पूर्ण जात नाही. पोरांच्या तोंडात जाणारी वस्तू आहे, तिथे दहा मिनिटं जास्त गेली तर जाऊ द्यावीत.

गोडंबीबद्दल जरा जास्त लिहिते, कारण पुण्या-मुंबईकडच्या पाहुण्यांना ती माहीतच नसते. बिब्बा हे रानातल्या झाडाचं काळं फळ, त्याच्या आतला गर म्हणजे गोडंबी. बिब्ब्याचं तेल अंगाला लागलं की उततं, फोड येतात, कातडी सोलून निघते. आठवडी बाजारात मी जिच्याकडून गोडंबी घेते, त्या मावशींची बोटं टोकाशी काळी पडलेली आहेत. बिब्बा फोडण्याआधी हाताला राख चोळतात, तरी तेल लागतंच. एकेक बिब्बा दगडावर ठेवून नेमका घाव घालायचा, म्हणजे गर अख्खा निघतो. बोटाच्या पेरापेक्षा लहान तो गर, पांढरा, बदामासारखा. त्यांच्याशी मी भाव करत नाही आणि कोणी करू नये असं मला मनापासून वाटतं.

गोडंबी घेताना पांढरी स्वच्छ बघून घ्यायची. काळा डाग असेल तर तेल राहिलेलं असू शकतं, तो दाणा टाकून द्यायचा. मग थोड्या तुपात मंद आचेवर परतायची. बिब्बा आणि काजू एकाच कुळातले. ज्याला काजू सोसत नाही त्याला गोडंबीही देऊ नये. होस्टेलवर डबा पाठवताना मी चिठ्ठीत आत काय काय आहे ते लिहिते, कारण लाडू एकटी आपली पोर थोडीच खाते.

कृती सोपी आहे. दाणे, बदाम, तीळ, जवस सगळं वेगवेगळं भाजायचं, कारण प्रत्येकाचा वेळ वेगळा. जवस तडतडला की उतरवायचा. कच्चा जवस मी घालत नाही. तिळांचा रंग जरा बदलला की झालं, आणखी दोन मिनिटं ठेवले तर कडू होतात. सगळं गार झालं की भरड काढायची. मग जाड बुडाच्या कढईत तूप घालून अगदी बारीक आचेवर खजूर टाकायचा आणि उलथन्यानं दाबत राहायचं. पाच-सात मिनिटांत त्याचा गोळा व्हायला लागतो. पाकाची तार बघावी लागत नाही, एवढं एकच बघायचं की खजूर बुडाला लागू नये. करपला तर कडवट वास सगळ्या लाडवांत उतरतो. गॅस बंद करून भरड, खारीक, वेलची, सुंठ घालायची आणि हाताला सोसेल इतपत गरम असतानाच मळायचं. गार झालं की वळत नाही. वळले नाहीत तर कढई पुन्हा मिनिटभर गरम करायची, पाण्याचा हात मात्र लावायचा नाही.

सासूबाई शेजारी बसून वळतात. त्यांचा लाडू माझ्याहून घट्ट होतो. मी मिश्रण मुठीत दाबून सोडून देते, त्या मात्र दोन-तीनदा दाबतात आणि मग अंगठ्याच्या मुळाशी फिरवतात. "तेल हातानं सुटलं पायजे," असं त्या म्हणतात. खरंच, त्यांच्या लाडवाला वरून हलकी चकाकी येते आणि प्रवासात तो फुटत नाही.

एक गोष्ट मात्र लोकांना मी स्पष्ट सांगते. हे लाडू बिनसाखरेचे नाहीत. आपण वरून साखर घातलेली नाही, एवढंच. खजुराच्या वजनात साधारण 60 ते 65 टक्के साखरच असते. हिशेब केला तर माझ्या एका लाडवात दोन चमच्यांइतकी साखर येते. सासूबाईंना मधुमेह आहे. पहिल्यांदा "खजूर आहे, चालतो" म्हणून त्यांनी तीन खाल्ले होते आणि दुसऱ्या दिवशी साखर वाढलेली निघाली. आता त्यांना अर्धा लाडू, तोही जेवणानंतर. त्यांच्यासाठी कधी खजूर कमी करून दाणे-तीळ वाढवते, मग तो वळत नाही, वाटीत चमच्यानं खावा लागतो. त्यांना तो आवडतोही जास्त.

तसंच रक्ताचं. "खजुरानं रक्त वाढतं" हे आपण लहानपणापासून ऐकतो, पण या लाडवातलं लोह काही एकट्या खजुराचं नाही. तिळात 100 ग्रॅममागे 14 मिलिग्रॅमच्या आसपास लोह असतं, खजुरात त्या मानानं बरंच कमी. आणि धान्या-बियांतलं लोह चहासोबत नीट अंगी लागत नाही, आवळा, लिंबू, पेरू यांच्यासोबत जास्त लागतं. म्हणून चहाबरोबर लाडू खायचा नाही, असं मी मुलीकडून कबूल करून घेतलंय. तिचं हिमोग्लोबिन दिवाळीपर्यंत 11 च्या वर गेलं. त्याचं श्रेय मी गोळ्यांना देते, लाडवांना नाही. लाडवांनी तिची संध्याकाळची बिस्किटं सुटली, तेवढंही मला पुष्कळ आहे.

माझ्या नणंदेचा नातू अडीच वर्षांचा. त्याला देताना तोच लाडू पुन्हा बारीक कुटून, अगदी लहान गोळी करून, समोर बसून भरवतो. भरड दाणा लहान मुलाच्या घशात अडकू शकतो.

डबा भरताना लाडू पूर्ण गार झालेले असावेत, नाहीतर झाकणाला आतून घाम येतो आणि पुन्हा पाणीच. थरांमध्ये बटर पेपर घालते. पावसाळ्यात खजूर हवेतला ओलावा ओढतो, म्हणून तेव्हा प्रत्येक लाडू भाजलेल्या तिळात घोळवते. वरचा कोरडा थर हाताला लागत नाही. मुलीला ताकीद आहे, ओला हात डब्यात घालायचा नाही आणि डबा खिडकीत उन्हात ठेवायचा नाही. असा डबा हिवाळ्यात महिनाभर छान राहतो.

परवा गावातलंच एक माणूस अकोल्याला जात होतं, त्याच्या हाती डबा दिला. रात्री तिचा फोन आला. आधी अभ्यासाचं बोलली, मग म्हणाली, "आई, पुढच्या वेळी आजीनं वळलेले वेगळे ठेव ना. तुझे आधी संपवते, तिचे उरवते." सासूबाईंना सांगितलं तर काही बोलल्या नाहीत, उठून गोडंबीचा डबा हलवून पाहिला. मूठभरच उरली होती. म्हणाल्या, "बुधवारी बाजारात जाशीन तं आन."