एकवीस दिवसांची नोटीस

सोमवार, 16 ऑक्टोबर 1972. युगांडाचा हुकूमशहा इदी अमीनने आशियाई लोकांना देश सोडायला दिलेली मुदत संपायला, म्हणजे 8 नोव्हेंबरला, तेवीस दिवस राहिले होते. कंपालातल्या एका वकिलाच्या कचेरीत मी अर्ज भरून द्यायचो. त्या सकाळी एक जोडपं आलं. तो गोवेकर बापाचा, जन्म कंपालातला. ती तिथल्याच बागांडा लोकांपैकी. दोन मुलं, आणि सोबत एक वयस्कर बाई.

1962 च्या स्वातंत्र्यानंतर त्याने नोंदणी करून युगांडाचं नागरिकत्व घेतलं होतं. 1972 च्या तपासणीत ते रद्द झालं. जुनं नागरिकत्व सोडल्याचा कागद ठरलेल्या तीन महिन्यांनंतरचा निघाला की हेच व्हायचं. अर्ज वेळेत टाकला होता, हे सांगून उपयोग नसे. शिक्क्यावरची तारीख धरत. जुनं सोडलेलं, नवं गेलेलं, म्हणजे तो कुठल्याच देशाचा नाही. अशांना संयुक्त राष्ट्रांमार्फत युरोपातल्या छावण्यांत नेणार होते, रेड क्रॉसच्या प्रवासदाखल्यावर.

तिच्या नागरिकत्वाला धक्का नव्हता. पण नागरिक पुरुषाची परदेशी बायको नोंदणीने नागरिक होऊ शके. नागरिक बाईच्या नवऱ्याला ती सोय नव्हती. त्याला जाणं भाग होतं, आणि तिला सोबत जायचं तर लग्नाचा कागद हवा. तो नव्हता. त्याच्या घरच्यांनी चर्चमधल्या लग्नाला पाठ फिरवली होती (शेजारी दुकानं थाटून पिढ्या गेल्या, तरी सून म्हणून काळी मुलगी कुणाला नको होती). तिच्या माहेरी मात्र रीतसर क्वांजुला (रूढीच्या लग्नाचा विधी) झाली होती. तिचा पुरावा म्हणून तिने आपल्या सेंगेलाच आणलं होतं. सेंगा म्हणजे आत्या; बागांडांत मुलीचं लग्न तिच्याच हातून ठरतं. पण रूढीच्या लग्नांची नोंदणी करणारा कायदा आला 1973 मध्ये.

उरलं रजिस्ट्रारकडचं लग्न. त्याआधी लग्नाची नोटीस फलकावर 21 दिवस लावावी लागते. त्याच दिवशी दिली तर 6 नोव्हेंबर. दोन दिवस हातात. मंत्र्यांच्या खास परवान्याने नोटीस टळते, पण तेव्हा त्या दारात कोण उभं करणार?

नोटिशीचा अर्ज दोनदा फाडला. पहिल्यांदा त्याने स्वतःपुढे ‘अविवाहित’ लिहिलं, तिने ‘विवाहित’. अशाने अर्ज अडतो. रूढीने लग्न दुसऱ्याच कुणाशी झालं असेल तर मनाई. एकमेकांशीच झालं असेल तर चालतं. म्हणून दोघांपुढे तसंच स्पष्ट लिहिलं. दुसऱ्यांदा तिचं नाव. बागांडांच्या लुगांडा भाषेत र आणि ल हे जवळपास एकच अक्षर: ए आणि इ नंतर र, एरवी ल. बाप्तिस्म्याच्या दाखल्यात र, शाळेच्या दाखल्यात ल. प्रवासदाखल्यावर जे अक्षर यायचं तेच इथे हवं, नाहीतर विमानतळावर ती दुसरीच बाई ठरते. एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र वेगळं जोडलं. दुपारी चारच्या आत नोटीस फलकावर लागली.

6 नोव्हेंबरला साक्षीदार दोन लागले. एक मी, दुसरी आत्या.

एंटेबे विमानतळाचा रस्ता पस्तीसेक किलोमीटरचा, आणि नाक्यानाक्यावर सैनिक पिशव्या उपसत. प्रमाणपत्राची नक्कल त्याच्या पिशवीत वरच ठेवायला सांगितली. मूळ कागद आत्याने घडी घालून भाचीच्या गोमेसीच्या (बागांडा बायकांच्या पायघोळ पोशाखाच्या) कमरपट्ट्यात खोचला.