गणपती ते भाऊबीज: आमच्या नौपाड्यातल्या हॉटेलाचा सीझन

ठाण्यात, नौपाड्यात आमचं मराठी जेवणाचं छोटं हॉटेल आहे. सात टेबलं, अठ्ठावीस माणसांची सोय. सासऱ्यांनी सुरू केलं, आता मी आणि माझे यजमान चालवतो. गणपती ते भाऊबीज हे दोन महिने बरे गेले की वर्ष निभावतं, म्हणून या दिवसांत गिऱ्हाईक कसं आणायचं याची काळजी आषाढापासूनच डोक्यात असते.

२०२४ च्या सीझनला आमच्याकडून दोन चुका झाल्या. एका ओळखीतल्या मुलाला पंधरा हजार देऊन रील करून घेतलं. दिसायला सुरेख होतं, चाळीस हजार लोकांनी पाहिलं. पण खाली विचारणा करणारे कोण, तर पुण्याचे, नागपूरचे, इंदूरचे. ठाण्यातलं कुणी त्या रीलमुळे आल्याचं मला आठवत नाही. दुसरी चूक महागात पडली. ऐन चतुर्थीला डिलिव्हरीच्या ॲपवर मोदकांना सूट दिली. सकाळी साडेनऊला एकामागून एक ऑर्डरी येऊ लागल्या, काउंटरसमोर डिलिव्हरीची मुलं ताटकळली, आणि आठ दिवस आधी तोंडी सांगून ठेवलेल्या आमच्या जुन्या गिऱ्हाइकांचे मोदक दुपारी एकला गेले. नैवेद्याची वेळ टळून गेली होती. एका काकूंनी फोनवर एवढंच विचारलं, "वहिनी, आम्ही तर आधी सांगितलं होतं ना?" ते मला फार लागलं.

त्यामुळे २०२५ ला जाहिरातीचा विचार करण्याआधी आमच्या मोदक वळणाऱ्या मावशींसोबत बसले. चौघीजणी वळणार. सराईत हाताला तासाला चाळीस मोदक होतात. सारण आदल्या रात्री करून ठेवता येतं, उकड नाही. ती गरम असतानाच तेलापाण्याच्या हाताने मळावी लागते, गार झाली की पारी कडेने चिरते आणि कळ्या धरत नाहीत. म्हणजे थोडी थोडी उकड काढत पहाटे पाचपासून अकरापर्यंत काम करायचं. मध्ये चहा, पात्रं भरणं-उतरवणं धरलं तर आठशे मोदक होतात. त्यापुढे एकही घ्यायचा नाही असं ठरलं, आणि मगच मेसेज लिहिला:

"उकडीचे मोदक, बुधवार २७ ऑगस्ट. ११ किंवा २१. सकाळी ८ ते ११ मधला एक तास निवडा. नोंदणी रविवार २४ पर्यंत, किंवा आठशे भरेपर्यंत. निम्मे पैसे आधी."

फोटो एकच, आमच्याच पात्रातला, हळदीच्या पानावरचे मोदक, मोबाइलवर काढलेला.

हा मेसेज पाठवायचा कुणाला? घरपोच डब्यांच्या वहीत चारशे बारा नंबर होते. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्टच्या, म्हणजे एकच मेसेज एकदम अनेकांना पाठवायच्या सोयीच्या, एका यादीत जास्तीत जास्त २५६ नंबर बसतात, म्हणून दोन याद्या केल्या. जुलैत चाचणीसाठी श्रावणातल्या थाळीचा मेसेज टाकला तर निम्म्या लोकांना पोचलाच नाही. मग कळलं की ज्यांनी आपला नंबर त्यांच्या मोबाइलमध्ये सेव्ह केलेला असतो, त्यांनाच ब्रॉडकास्ट जातो. तेव्हापासून बिल देताना आमचा मुलगा विचारू लागला, "सणाचे पदार्थ कळवू का? मग आमचा नंबर सेव्ह करून ठेवा." नको म्हणणाऱ्याला पुन्हा विचारायचं नाही. पाच आठवड्यांत बराच फरक पडला.

शुक्रवारी संध्याकाळीच आठशे भरले. त्यानंतर नाही म्हणणं फार जड गेलं, घरातलीच माणसं वाटतात ती. पण त्यांची नावं वेगळ्या पानावर लिहिली आणि संकष्टीच्या मोदकांचा मेसेज सगळ्यांत आधी त्यांना केला. चतुर्थीला शेवटचा डबा अकराला दहा मिनिटं असताना गेला. मावशींनी उरलेल्या उकडीची निवगरी केली आणि आम्ही सगळ्यांनी तिथेच उभ्याने खाल्ली.

पितृपक्षात जाहिरात करायची नाही, हे मी ठाम ठरवलं होतं. श्राद्धाच्या पानाचा फोटो टाकणं मला पटत नाही. दारात हाताने लिहिलेला एक कागद लावला: "श्राद्धाचा स्वयंपाक सांगितल्यास करून मिळेल." ज्यांना गरज होती ते आत येऊन हळू आवाजात बोलले.

घटस्थापनेला उपवासाची थाळी आणि फराळाची नोंदणी एकदमच सुरू केली. परदेशात फराळ पाठवणाऱ्यांना तो तेव्हाच हवा असतो, दिवाळीच्या आठवड्यात कुरिअर करून उपयोग नसतो. प्रत्येक पाकिटावर घटक, बनवल्याची आणि कधीपर्यंत खावं ती तारीख, शेंगदाणे असतील तर तसं स्पष्ट, आणि एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न परवान्याचा, चौदा आकडी नंबर. लोक तो वाचतात. एका मुलीने पाकीट उलटसुलट बघितलं आणि मगच आणखी दोन किलो भाजणीची चकली सांगितली.

खरी परीक्षा नरक चतुर्दशीची, २० ऑक्टोबरची. दिवाळी पहाटेला राम मारुती रोड आणि तलावपाळीवर तरुण मुलामुलींची जी गर्दी होते, ती ठाणेकरांना सांगायला नको. इतकी वर्षं आम्ही त्या दिवशी नऊला हॉटेल उघडायचो, म्हणजे अर्धी गर्दी घरी परतल्यावर. या वेळी साडेपाचला उघडलं. पदार्थ चारच: मिसळ, पोहे, शिरा, कॉफी. हे वहीतल्या लोकांसाठी नव्हतं, ती मंडळी अभ्यंगस्नान करून घरी फराळाला बसतात. म्हणून इथे पैसे खर्च केले. इन्स्टाग्रामवर नकाशात पिन ठेवून आजूबाजूच्या पाच किलोमीटरपुरती जाहिरात, चार दिवस, रोज पाचशे रुपये. त्यात गल्लीच्या तोंडापासून आमच्या दारापर्यंत चालत घेतलेला वीस सेकंदांचा व्हिडिओ आणि "पहाटे साडेपाच" हे मोठ्या अक्षरात. खांबावर बॅनर लावू असं कुणी सुचवलं होतं, पण महापालिकेच्या परवानगीशिवाय शहर विद्रूप करणाऱ्यांत आपण नको.

साडेदहापर्यंत टेबल रिकामं राहिलं नाही. झब्बे, साड्या, केसात गजरे, आणि मिसळीच्या तर्रीने नाकं लाल झालेली पोरं. प्रत्येक टेबलावर भाऊबीजेच्या थाळीची छोटी चिठ्ठी होती: बारा आणि दीड अशा दोन पंगती, नोंदणी करूनच. त्या चिठ्ठीवरून अठ्ठेचाळीस पानं भरली.

गूगलवरच्या सणाच्या वेळा मात्र न विसरता बदला. आदल्या वर्षी लक्ष्मीपूजनाला आम्ही संध्याकाळी बंद होतो आणि गूगल आम्हाला उघडं दाखवत होतं. कळव्याहून एक कुटुंब म्हाताऱ्या आईला घेऊन रिक्षाने आलं आणि बंद शटर बघून परत गेलं. त्यांनी एक तारा दिला, तो योग्यच होता. मी माफी मागून उत्तर लिहिलं, तरी त्या आजी रिक्षात बसून परत गेल्या याचं वाईट वाटतंच. यंदा दसऱ्याच्या आधीच भाऊबीजेपर्यंतच्या सगळ्या दिवसांच्या वेळा भरून टाकल्या.

भाऊबीजेच्या दुसऱ्या पंगतीला त्याच काकू भावाला घेऊन आल्या, ज्यांचा नैवेद्य आमच्यामुळे चुकला होता. काउंटरवर नवं कालनिर्णय ठेवलेलं होतं. पैसे देता देता त्यांनी ते उचललं, सप्टेंबरचं पान काढलं आणि म्हणाल्या, "चौदा तारीख, सोमवार. एकवीस लिहा, आठची वेळ." मी वहीचं नवं पान उघडलं आणि वर २०२६ लिहिलं.