साडेदहाची वाट बघताना

मंगळवार, रात्रीचे ९.४०

जेवण साडेसातला उरकलं, थायरॉइडची गोळी साडेदहाला. मधले तीन तास पाण्याखेरीज पोटात काही जाऊ द्यायचं नाही. पहिले दोन तास वह्या तपासण्यात निघतात. शेवटचा तास फ्रिजच्या दाराशी घुटमळण्यात जातो, म्हणून आज लिहायला बसले.

सकाळी काटा ८६.४ म्हणाला. जानेवारी २०२० मध्ये वजन कमी करायच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ११८ किलो होते. २०२१च्या गणपतीत ७३. तेव्हा आरतीला आलेल्या बायका देवाआधी मला बघत होत्या. आता त्याच बायका, 'ऑपरेशन करून पण?' एवढंच विचारतात. त्या 'पण'ला उत्तर सापडत नाही.

गेल्या महिन्यापर्यंत एक उत्तर माझ्याकडे होतं: थायरॉइड. गंमत म्हणजे माझ्या रिपोर्टलाच ते मान्य नव्हतं. अंग जड, थंडी वाजतेय, पोट साफ नाही, सातवीच्या वर्गात उभ्या उभ्या पेंग. रिपोर्टात मात्र टीएसएच, म्हणजे थायरॉइड कमी पडलं की चढणारा आकडा, इतका कमी, की गोळी जास्त होतेय असं वाटून डोस १०० मायक्रोग्रॅमवरून ७५ वर आणला. याआधीही एकदा १२५ चा १०० झाला होता, पण ते बरोबर होतं, डोस वजनावर ठरतो आणि वजन खरंच उतरलं होतं. या वेळी वजन चढत असताना डोस खाली चालला होता. माझ्या डोक्यातच काहीतरी आहे असं मला वाटायला लागलं होतं. ह्यांनाही बहुधा वाटत असावं, बोलले नाहीत.

उलगडा झाला केसांमुळे. ऑपरेशननंतर केस मूठमूठ गळतात. जे गळायचे ते पहिल्या वर्षात गळून परत आलेही, पण भीती गेली नाही आणि बायोटिनची १० मिलिग्रॅमची गोळी चालूच राहिली. कुणी लिहून दिली नव्हती, मीच दुकानातून आणायचे. त्यामुळे 'औषधं कोणती चालू आहेत?' या प्रश्नाला मी ती कधी सांगितलीच नाही. केसांची गोळी कसलं औषध? नव्या डॉक्टरीणबाईंनी डब्यासकट सगळं टेबलावर मांडायला लावलं आणि बायोटिनवर बोट ठेवलं. काही यंत्रांमध्ये रक्ताची ही तपासणी बायोटिनच्याच आधारे होते. रक्तात ते भरमसाट असलं की आकडा फसतो, टीएसएच आहे त्यापेक्षा कमी दिसतो. रक्त देण्याआधी दोन दिवस तरी ते बंद हवं. मी पूर्णच बंद केलं. आठवड्याने रक्त दिलं, टीएसएच ११.२, चांगलाच चढलेला.

खोटं कशाला, रिपोर्ट बघून मला आनंद झाला. जिन्यातच ह्यांना फोन केला, 'अहो, थायरॉइडच आहे!' लॉटरी लागल्यासारखा आवाज होता म्हणे.

तो आनंद दवाखान्यात पोचेपर्यंत टिकला. बाई म्हणाल्या, थायरॉइडमुळे वाढतं ते बरंचसं अंगात साठलेलं पाणी आणि मीठ, साधारण दोन ते चार किलो. मी गणिताची शिक्षिका. तेरातून चार गेले, उरले नऊ. हातचा कुणाच्या नावावर टाकावा?

नऊ कुठून आले ते मला माहीत आहे. माझं ऑपरेशन 'स्लीव्ह'चं, त्यात जठराचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग काढतात. भुकेचं हार्मोन मुख्यतः त्याच भागात तयार होतं, म्हणून पहिलं वर्षभर मला भूक ही गोष्टच आठवत नव्हती. जेवायची आठवण ठेवायला गजर लावत होते! पुढे कधीतरी भूक हळूच परत आली, आणि मी ओळखलंच नाही. पोळी-भाजीला पोट अजूनही प्रामाणिक आहे, दीड फुलक्यात बस म्हणतं. पण चहात बुडवलेली खारी, मूठभर चिवडा, मुलीच्या कपातलं उरलेलं आइस्क्रीम हे सगळं न अडता खाली उतरतं. थोडं थोडं, दिवसभर. स्टाफरूममध्ये आठ डबे उघडतात आणि प्रत्येकीचा आग्रह एकाच घासाचा असतो.

गोळीचंही माझंच चुकत होतं. पहाटे साडेपाचला गोळी, पाच मिनिटांत चहा, सहाला नाश्त्यासोबत कॅल्शियम आणि लोह. चहा अर्धा-एक तास लांब हवा, कॅल्शियम-लोह चार तास. ही दोन्ही थायरॉइडच्या गोळीला अंगी लागू देत नाहीत. सकाळच्या शाळेत हे जमणं शक्य नाही, म्हणून गोळी रात्रीवर नेली. लोह नाश्त्याला, कॅल्शियम अकराच्या सुट्टीत आणि चारला. वेळापत्रक कपाटाच्या दाराला आतून चिकटवलंय. बाहेरून लावलं असतं, पण येणारेजाणारे वाचतात.

डोस परत १००. आता सहा आठवड्यांनी रक्त, त्यातला एक आठवडा संपला. नऊ किलोंसाठी आहारतज्ज्ञांकडे जायचंय, वेळ घेतलेली नाही. उद्या घेईन असं लिहीत होते, खोडलं. शुक्रवारी सुट्टी आहे, तेव्हा.

१०.२८. फ्रिजमध्ये दुपारचा शिरा आहे. आतून मुलगी ओरडली, "आई, तुझी घंटा व्हायचीये, पाणी घेऊन बस!"

१०.३१. घेतली.