तुम्ही विचारलंत म्हणून: शेवटी कारभार नवराच पाहतो ना?

निवडून आलेल्या बायकांना ग्रामपंचायतीचा कारभार शिकवणाऱ्या संस्थेत मी वीस वर्षे काम करते आहे, आणि लग्नात, एसटीत, अगदी दवाखान्याच्या बाकावरही मला एकच प्रश्न विचारला जातो: एवढी शिबिरे घेऊन उपयोग काय, शेवटी कारभार नवराच पाहतो ना? होय, पुष्कळ ठिकाणी तोच पाहतो. ग्रामसभेत सरपंचबाईंच्या शेजारी बसून तोच उत्तरे देतो, हे मी तुमच्याहून जास्त वेळा पाहिले आहे. मात्र पुरुष सरपंचाच्या मागे कोणता चुलता किंवा कारखान्याचा कोणता संचालक उभा आहे, हे तुम्ही कधी विचारत नाही. त्याचे शिक्षण मिसरूड फुटल्यापासून पारावर चालते. आमच्या बायकांच्या वाट्याला तीन दिवस येतात.

हे माझे नेहमीचे उत्तर. ते खोटे नाही, पण एका गावाबद्दल न बोलता ते देत राहणे आता मला जड जाते.

२०११ साली राज्यात महिलांचे आरक्षण निम्म्यावर गेले, त्यानंतरची ही निवडणूक. नऊ सदस्यांत पाच बायका, सरपंचपद महिलेसाठी राखीव. शिबिरात आम्ही एक गोष्ट घोकून घेतली होती: कोऱ्या चेकवर सही करायची नाही. ग्रामनिधीच्या खात्यावर सरपंच आणि ग्रामसेवक अशा दोघांच्या सह्या लागत, म्हणून चेकबुक संध्याकाळी सरपंचबाईंच्या घरी येई आणि रक्कम मागाहून भरली जाई. एका संध्याकाळी तिथली सरपंच चुलीपुढून उठली, पदराला हात पुसून तिने चेकबुक घेतले, रकमेची जागा रिकामी पाहिली आणि ते मिटून परत दिले. तिने फोनवर हे सांगितले तेव्हा मला झालेला आनंद आठवला की आजही लाज वाटते.

दीड महिन्यात अविश्वासाची नोटीस तहसीलदारांकडे गेली. कारण लिहिले होते, ‘सदस्यांना विश्वासात घेत नाहीत.’ राखीव पदावरच्या महिलेला हटवायला तेव्हाचा कायदा दोन तृतीयांशांऐवजी तीन चतुर्थांश मते मागत असे. नऊ जणांत सहाऐवजी सात. तो सातवा हातही त्यांना मिळाला. त्या सातांत चार हात बायकांचे होते, आणि चौघीही आमच्याच शिबिरात बसलेल्या होत्या. एकीने पुढे मला सांगितले की आदल्या रात्री दिराने तिला, घरात राहायचे असेल तर हात वर कर, असे बजावले होते.

त्या दिवशी मी गेले नाही. सभेत बाहेरच्या माणसाला बसता येत नाही, असे मी स्वतःला सांगितले. पंचायतीच्या पायरीवर बसता आले असते. रात्री तिचा फोन आला. “ताई, तुम्ही सही करू नको म्हणालात, मी केली नाही. पुढं काय करायचं ते बोलला नव्हतात.”

त्या वर्षी मी प्रत्येक शिबिरात फळ्यावर ‘नऊत पाच’ लिहून बहुमत आपलेच असे सांगत होते. त्या वेळच्या मला आज सांगावेसे वाटते की पाच बायका म्हणजे पाच घरे, आणि निकालानंतर नावांची यादी घेऊन गावात पोहोचणाऱ्या संस्थेला त्यांतले एकही घर ठाऊक नसते. १९८९ मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरला सगळ्या बायकांचे पॅनेल निवडून आले, तेव्हा पाठीशी शेतकरी संघटनेची महिला आघाडी होती. आधी संघटना, मग खुर्ची. पण ती जुनी मी लगेच उलटून विचारते: जिथे आघाडी नव्हती, तिथल्या बायकांनी किती वर्षे थांबायचे होते? आरक्षण नसते तर चेकबुक तिच्या घरी आले तरी असते का? तिचेही खरे आहे.

आता आम्ही तालुक्याला दरमहा बैठक घेतो, अविश्वासाची कुणकुण लागली की शेजारच्या गावच्या सरपंचबाया जाऊन येतात. काही ठिकाणी नोटीस मागे घेतली गेली. त्या गावात यामुळे सातवा हात खाली राहिला असता का, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

तिने पुन्हा अर्ज भरला नाही. त्या चौघींपैकी एकीने भरला, ती निवडून आली आणि शिबिराला येऊन पहिल्या रांगेत बसली. कोऱ्या चेकचा विषय आला तेव्हा मी खडू सहकाऱ्याच्या हाती दिला आणि व्हरांड्यात जाऊन उभी राहिले.