सोशिकपणाचा रोजचा नेम

'उद्यापासून कुणावर चिडायचं नाही' हा निश्चय सकाळच्या पहिल्या फोनपर्यंत टिकतो. नम्रता आणि सोशिकपणा असे ठरवून येत नाहीत. वारकरी परंपरेनं हे फार आधी ओळखलं आणि मनाच्या मागे न लागता देहालाच नेम लावून दिला: गळ्यात तुळशीची माळ, कपाळी गोपीचंदन, रोजचं नाम, संध्याकाळी हरिपाठ, पंधरवड्याची एकादशी, वर्षाची वारी. पांडुरंगावरचा भरवसा रोजच्या वेळापत्रकात बसला, की स्वभाव सावकाश नमू लागतो.

सुरुवात एका माळेनं करावी. 108 मणी, प्रत्येक मण्याला एकदा 'रामकृष्णहरी'. घाई न करता चार-पाच मिनिटं लागतात. जपाची माळ गळ्यातल्या माळेहून वेगळी ठेवतात. ती मधल्या बोटावर घेऊन अंगठ्यानं मणी ओढायचा, तर्जनी लावायची नाही. मेरुमणी, म्हणजे माळेच्या जोडावरचा वेगळा मणी, आला की तो ओलांडायचा नाही, माळ फिरवून परत यायचं. संध्याकाळी ज्ञानेश्वर माउलींचा हरिपाठ. अभंग 27, टाळ धरून चालीत म्हटला तर अर्धा-पाऊण तास जातो. नव्या माणसानं पहिले पाचच अभंग घ्यावेत आणि ते तोंडपाठ झाल्यावर पुढे सरकावं.

पहिल्याच आठवड्यात अकरा माळा आणि अख्खा हरिपाठ अंगावर घेणाऱ्यांचा नेम बहुधा लवकर मोडतो. उत्साहाच्या दिवशी ठरवलेला नेम थकल्या दिवशी पेलत नाही. म्हणून अंगात कणकण असताना किंवा गाडीत उभ्यानं प्रवास करतानाही जमेल, एवढाच नेम धरावा.

नेम टिकला की त्याचा अभिमान शिरतो. माळांचा आकडा बोलण्यात येऊ लागतो, शेजारणीच्या एकादशीवर नजर जाते आणि जपात कुणी हाक मारली तर राग येतो. यातलं शेवटचं लक्षण सगळ्यात वाईट. घरातून हाक आली तर माळ खाली ठेवून उठावं, काम करून यावं आणि पुन्हा बसावं. राहिलेला जप देव मोजत बसत नाही. आकडा मात्र कुणालाही सांगू नये, अगदी घरच्यांनासुद्धा.

या अभिमानावरचा उतारा म्हणजे पाया पडणं. वारीत दोन वारकरी भेटले की दोघंही एकमेकांच्या पायांवर वाकतात. समोरचा वयानं लहान आहे, कुठल्या जातीचा आहे, काय शिकलाय, हे बघायचं नसतं. तो 'माउली' असतो. इथे एक चूक सर्रास होते. कीर्तन संपल्यावर बुवांच्या पायांशी झुंबड उडते आणि सतरंज्या गुंडाळणाऱ्याकडे कुणी वळूनही बघत नाही. जिथे वाकणं जड जातं तिथूनच सुरुवात करावी. पंढरपूरच्या महाद्वारातली नामदेव पायरी याचसाठी आठवावी. संतांच्या पायांची धूळ लागावी म्हणून नामदेवरायांनी ती जागा मागून घेतली, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. आज त्या पायरीवर पाय न देता माथा टेकवतात. समोरच चोखोबांची समाधी आहे, ज्यांना जातीमुळे देवळाच्या आत जाऊ दिलं गेलं नाही. तिथे डोकं टेकवताना हे विसरू नये.

सोसणं कसं असावं, हे पालखीच्या तळावर शिकायला मिळतं. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखी सोहळ्यात पुणे ते सासवड हा टप्पा 30 किलोमीटरहून जास्त आहे, त्यात दिवेघाटाची चढण. पाय सुजलेले, पाणी अपुरं, कधी दिंड्यांमध्ये कुरबुर. मुक्कामी पोचल्यावर समाजआरती, म्हणजे सगळ्या दिंड्यांची एकत्र आरती, असते. सोहळ्याची शिस्त राखणाऱ्या चोपदारांनी हातातली काठी उंचावली की एवढा मोठा समाज क्षणात शांत होतो. ज्या दिंडीची तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवतच राहते. मग चोपदार तिथे जाऊन गाऱ्हाणं ऐकतात. मला ही रीत फार मोलाची वाटते. दिवसभर चालताना भांडण नाही, आणि मुक्कामी पोचल्यावर गप्प बसणंही नाही.

घरी हीच रीत लावता येते. टोचणारं बोलणं कानावर आलं तर उत्तर देण्याआधी मनात पाच वेळा 'रामकृष्णहरी' म्हणावं. दहा-बारा सेकंद जातात. तेवढ्यात जिभेवर आलेलं पहिलं वाक्य बहुतेक वेळा मागे फिरतं. खरी तक्रार असेल तर ती संध्याकाळी, शांतपणे, संबंधित माणसापुढेच मांडावी.

मारहाण, छळ, फसवणूक मात्र 'देवाची इच्छा' म्हणून सोसू नये. पोलिसांत जाणं, घर सोडणं, वकील गाठणं यानं भक्ती उणी होत नाही. आजारपणाचंही तसंच. मधुमेह असेल तर एकादशी डॉक्टरांना विचारूनच करावी. साबुदाणा आणि बटाटा साखर झपाट्यानं चढवतात. गोळ्या बंद करून नामावर राहणं हा भरवसा नाही.

भरवसा कसा असतो ते आषाढीला दिसतं. दर्शनाची रांग तासन् तास सरकत नाही. पंधरा-वीस दिवस चालून आलेले कितीतरी जण चंद्रभागेत स्नान करतात, नगरप्रदक्षिणा घालतात, लांबून कळसाला हात जोडतात आणि भेट झाली म्हणून समाधानानं परत फिरतात. रोज रात्री हेच थोडक्यात करावं. निकाल, कर्ज, दुखणं, जे आपल्या हातात नाही ते एकदाच विठ्ठलापुढे बोलून टाकावं. जे हातात आहे, म्हणजे एखादा अर्ज, फोन, औषधाची वेळ, ते उद्याच्या कामात लिहून झोपावं. तेच गाऱ्हाणं रात्रभर घोळवत राहिलं, की सोपवलेलं आपणच परत घेतो.

खाडा पडणारच. दुसऱ्या दिवशी दोन माळा करून भरपाई करू नये. त्यानं नेमाचं ओझं होतं आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा खाडा पडतो. ठरल्या वेळी, ठरल्या जागी, नेहमीची एकच माळ.